पंचवीस मार्कांची नदी

बडोद्यात ॲडमिशन मिळाली? अभिनंदन. आता पर्यावरणाची आवड लावून घ्या. घाबरू नका, सहा महिन्यांत लागते. हा विषय सगळ्यांना सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावर बारा-एक वर्षं सावकाश विचार केला आणि पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला: पेपर ७५ मार्कांचा, फील्डवर्क २५ चं.

पेपरचं सोडा, ओझोनवर कुणीही पास होतो. जपायचं ते फील्डवर्कला. नदी, जंगल, टेकडी, एखादी प्रदूषित जागा, तिथे जाऊन नोंदी करा, असं त्यात आहे. ‘जाऊन’ हा शब्द फार मनावर घेऊ नका. पावागढाच्या बाजूने निघालेली विश्वामित्री शहराच्या पोटातूनच जाते, आणि काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून तुम्ही रोज दोनदा ॲक्टिव्हा दामटता. झाली की पाहणी! रुमाल तेवढा घट्ट बांधा. जे नाकाला कळलं नाही, ते वहीत लिहायची सक्ती नाही.

खरी नदी झेरॉक्सच्या दुकानात मिळते. काकांच्या कॉम्प्युटरवर विश्वामित्रीच्या चार-पाच तयार फायली असतात. ते एवढंच विचारतात, ‘साधी की कलर?’ कलर घ्या, त्यात पाणी निळं येतं. पहिल्या पानावरचं नाव बदला, आभाराच्या पानावरचंही बदला. आमच्या वर्गात एकाने परक्याच आईवडिलांचे आभार मानले होते. दुसऱ्याची फाइल मुळात यमुनेची. त्याने नदीचं नाव बदललं, पण विश्वामित्रीच्या प्रदूषणाने ताजमहालाला असलेला धोका तसाच राहिला. २५ पैकी २१.

मगरींवर एक परिच्छेद हवाच. भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी, हे आपलं वैभव. ‘वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, पहिली अनुसूची’ ही ओळ ठळक करा. मगर प्रत्यक्ष पाहायची गरज नाही. मी पाहिली, पण चूक माझी. पेट्रोल संपलं म्हणून पुलावर थांबावं लागलं. थंडीतली सकाळ, दहा-साडेदहा. खाली चिखलात ती आ वासून उन्हाला पडलेली. शेपटीला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेंडूची सुकलेली माळ. कुणीतरी गाडी न थांबवता वरूनच निर्माल्य भिरकावलेलं. शेजारी एक काका येऊन वाकले, म्हणाले, ‘लाकूड आहे हो ते.’ लाकडाने डोळा मिटला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये तर नदी मगरींसकट स्वतःच सोसायट्यांत आली. फील्डवर्कची अशी घरपोच सोय पुन्हा मिळायची नाही. त्या दिवसांत दोघा तरुणांनी स्कूटरवर मध्ये मगर आडवी धरून वन खात्याकडे नेली. तो व्हिडिओ तुम्हीही चार ग्रुपांत ढकलला असेल. मगरी आपल्या पार्किंगमध्ये कशा आल्या, यावर घरोघर चर्चा झाली. पाणी मुरवणाऱ्या घळी बुजवून, काठावर भराव घालून आपलं पार्किंग मगरींत कसं आलं, हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा. परीक्षेला येत नाही.

५ जूनला झाड लावा. गावाचं नावच वडावरून, त्यामुळे वडच लावा, कुंडीतला चालेल. पाऊस बडोद्याला पोचायला अजून दोनेक आठवडे असतात, त्यामुळे फोटोला ऊन झकास मिळतं. मागे फ्लेक्स पाहिजेच. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकच्या बॅनरवर बंदी आहे, तेव्हा जाड करून घ्या. रोप आठवडाभरात वाळेल, फ्लेक्स पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. पेपरात ‘पुनर्वापर’ आला तर हेच उदाहरण द्या. कार्यक्रमानंतर सगळ्यांनी सेव-उसळ खायची, डिशा कुठे टाकायच्या ते विचारायचं नाही. पूल जवळच आहे.

सर्टिफिकेट लॅमिनेट करा. फाइल मात्र जपून ठेवा, धाकट्या भावाला लागेल. त्याला सांगा, नाव बदल, साल बदल, ताजमहाल राहू दे. त्याचे मार्क मिळतात.