आठशे फुटांचा पुरुष

शेजाऱ्याच्या बोअरला 600 फुटांवर दोन इंची पाणी लागलं आणि तुमचं बोअर मार्चपासून हवा फेकतंय. पाण्याचं नंतर बघू, आधी इज्जतीचं बघा. 800 च्या आत थांबायचं नाही, एवढं आजच ठरवून टाका.

प्रथम पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणारा गाठा, पायाळू (पायाकडून जन्मलेला) असेल तर उत्तम. भूजल सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकाला बोलवू नका. तो ‘इथे घेऊ नका’ म्हणण्याचा धोका असतो आणि नकार ऐकायची तुम्हाला घरात सवय लागलेली नाही. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ शेजाऱ्याच्या विहिरीलगतच्या बांधावरच उभा राहील. हा निव्वळ योगायोग समजावा.

मग बोअर पाडायला तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची गाडी. भोक साडेसहा इंची. 300 फुटांनंतर फुटाचा दर चढत जातो, तिकडे लक्ष देऊ नका. मराठवाड्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत, बहुतेक 200 फुटांच्या आत. त्याखाली एखादी फट लागलीच तर तिथलं पाणी जुनं, साठलेलं. पावसाळ्यात ते सहजी भरून येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी धो धो आणि पुढे गुळणी. केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात घालायचा पाइप, आखूड ठेवलंत तर वरच्या थरातलं पाणीही तुमच्या भोकातून खाली झिरपेल आणि गावचा आड आटेल. 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा, खोल बोअर घ्यायला मनाई केली आहे. म्हणून तर गाडी रात्री बोलवायची. फुफाटा उडाला तरी रॉड जोडत राहा. 400 वर थांबणारा शहाणा म्हणवून घेईल. मिशीला पीळ भरता येईल तो 800 वाल्यालाच.

या पराक्रमाला शास्त्राचा आधारही आहे. जेनिफर बॉसन आणि जोसेफ व्हँडेलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, पुरुषपण कमवावं लागतं आणि ते केव्हाही हातचं जाऊ शकतं, अशी समजूत पुरुषाच्या मनात मुरलेली असते. 2009 च्या त्यांच्या प्रयोगात काही पुरुषांना केसांची वेणी घालायला लावली, काहींना दोरीची. केसांची वेणी घालणाऱ्यांनी नंतर पंचिंग बॅगवर जास्त जोरात ठोसे हाणले. तुम्ही तर पाचव्या वर्षापासून ‘बांगड्या भरल्यास का?’ ऐकत आलात. तुमच्याकडे पंचिंग बॅग नाही, पण जमीन आहे.

पाणी लागलं की ऊसच लावा. (उसाचा दर बांधलेला आहे आणि तुरीचा भरवसा नाही, हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठी कुणी 800 फूट जात नाही.) एका हेक्टरला मोकाट पाण्यावर सहज 2 कोटी लिटर लागतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तिच्यात 5 लाख लिटर होतं. म्हणजे तशा 40 फेऱ्या तुमच्या एका हेक्टरात जिरल्या. माणशी रोज 55 लिटर धरलं तर हजार माणसांचं वर्षभराचं पाणी. हा हिशेब बायकोसमोर करू नका. आटलेल्या आडावरून उठून टँकरच्या रांगेत तीच उभी असते, तिला चटकन समजेल.

ती एखाद वेळी म्हणेल, अर्धा एकर तरी ज्वारी, तूर, भाजीपाला टाकू, ठिबक करू. ऐकून घ्या आणि सातबारा पुढे करा. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत, म्हणजे ज्यांच्याकडे शेतीची वहिवाट आहे त्यांच्यात, स्त्रिया जेमतेम 14 टक्के आहेत, तेव्हा तिचं नाव त्यावर नसण्याचीच शक्यता जास्त. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ काढून बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. तसल्या भानगडीत पडू नका. नावावर जमीन आली की बाई पाण्याची पाळीही विचारते.

तोडणीची काळजी मजूर आणणारा मुकादम घेईल. बीडकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात. एक दिवस खाडा झाला की दंड. मासिक पाळीत खाडे होतात, म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायचा मार्ग तिकडे रुळला होता: 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीतल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. साखर पांढरीच येते.

आणि 800 वरही नुसता फुफाटाच निघाला तर? खडकाला, केसिंगला, पाणाड्याला बोल लावायचा नाही. घरात नवी सून असेल तर तिचा पायगुण काढा. नसेल तर पूजेच्या दिवशी बोअरजवळून विटाळशी कोण गेली त्याचा तपास करा. गाडी उद्यापर्यंत शिवारातच आहे, दुसरा पॉइंट दाखवायचे पाणाड्या वेगळे पैसे घेतो.