विहिरीत माणूस बेशुद्ध पडला तर फायर ब्रिगेड येत नाही, हे खोटे आहे

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या 'गावकऱ्यांनो, फायर ब्रिगेडच्या भरवशावर राहू नका' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरत आहे. अग्निशमन दलाचे काम फक्त शहरातली आग विझवणे एवढेच आहे, गावातून फोन केल्यास हजारोंचे बिल येते, गाडी मुद्दाम रिकामी पाठवतात, विजेच्या तारा दिसल्या की जवान हात बांधून उभे राहतात, आणि विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास ते येतच नाहीत, म्हणून कंदील सोडून पाहावा, तो जळत राहिला तर तोंडाला ओला रुमाल बांधून आपणच खाली उतरावे, असे त्यात सांगितले आहे. आमचे मोठेबाबा यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतात. विहिरीतला गाळ काढण्यासाठी ते येत्या आठवड्यात माणसे लावणार आहेत. त्यांनी हा संदेश मला पाठवला आणि खाली 'कंदिलाची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे' असे लिहिले. ते वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

कंदिलाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज पसरतो, याने मात्र माणूस मरतो. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो आणि तो साधारण 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की कंदिलाची ज्योत विझते. म्हणून कंदील विझला तर विहिरीत उतरायचे नाही, हा जुन्या लोकांचा नियम बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. संदेश लिहिणाऱ्याने तो उलटा करून, कंदील जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक, असा अर्थ काढला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की अनेक शेतकरी डिझेल इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवून चालवतात. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेण्याइतका साचला तरी कंदील विझत नाही. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की काही क्षणांतच नाक बधिर होते, आणि वास थांबल्यामुळे वायू गेला असे समजून माणूस आणखी खाली जातो. शिवाय हा वायू गाळात अडकलेला असतो आणि फावडे लागल्यावर बाहेर येतो, त्यामुळे उतरण्याआधी सोडलेल्या कंदिलाला त्याचा पत्ता लागण्याचे कारणच नाही. गाळातून मिथेन निघत असेल तर उघडी ज्योत हाच धोका ठरतो. राहिला ओला रुमाल. त्याने धूळ अडते, पण तो कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही आणि जिथे प्राणवायूच कमी आहे तिथे तो निर्माणही करू शकत नाही.

आपल्याकडे अशा दुर्घटनांत एकाच विहिरीत दोन-दोन, तीन-तीन माणसे जातात, त्याचे कारण हेच आहे. पहिला पडला की त्याचा भाऊ उतरतो आणि भावाला काढायला शेजारचा उतरतो. अग्निशमन दलाचा जवान उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर दाबाने भरलेल्या हवेचा सिलिंडर आणि तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा असतो, कमरेला दोर असतो आणि त्या दोरावर वरचे सहकारी लक्ष ठेवून असतात. विहिरीतली हवा तो श्वासात घेतच नाही, आणि म्हणूनच परत वर येतो. दल येईपर्यंत गावाने करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. इंजिन वरूनच बंद करता येत असेल तर बंद करावे. खालच्या माणसाला आधीच दोर बांधलेला असेल तर त्याला वरूनच ओढावे. 101 किंवा 112 वर फोन करताना 'विहिरीत वायू आहे' हे स्पष्ट सांगावे, म्हणजे श्वसनाचा संच आठवणीने गाडीत येईल, आणि 108 ची रुग्णवाहिकाही लगेच बोलवावी. दुसऱ्या माणसाने, तो कितीही जवळचा असला तरी, खाली उतरू नये. हे संच प्रत्येक लहान नगरपंचायतीकडे नसतात, हे मी मान्य करतो. पण म्हणून संचाशिवाय आपण उतरावे, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो, ते मला समजलेले नाही.

विहीर, पूर, कोसळलेले घर किंवा अपघातात चेपलेली गाडी ही दलाची कामे नाहीत, या दाव्याला थोडासा आधार आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात, नगरपरिषदांच्या कर्तव्यांच्या कलम 49 मध्ये, आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे असाच उल्लेख आहे, आणि तोही पालिकेच्या हद्दीपुरता. परंतु प्रत्यक्षात बचावकार्य हा या सेवेचा केव्हाच भाग झालेला आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी ज्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकतात, ते 1957 पासून आपल्या नागपुरात आहे आणि तिथे आगीबरोबरच बचावाचेही प्रशिक्षण दिले जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांसाठी काढलेले नमुना विधेयकसुद्धा अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा यांचा एकत्र विचार करते.

'गाडी रिकामी येते' हा आरोप मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पाण्याच्या एका साध्या बंबात साधारण साडेचार ते पाच हजार लिटर पाणी बसते. एका पाइपातून मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास पाणी सोडले तर साधारण बारा मिनिटांत टाकी संपते. सोयाबीनची सुडी, म्हणजे कापून रचलेली गंजी, किंवा कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्याचा, ढीग वरून विझल्यासारखा दिसला तरी आतून धुमसत राहतो आणि पाणी पिऊन टाकतो. ढीग उपसून भिजवल्याशिवाय तो विझत नाही. टाकी संपल्यावर गाडी पाणी भरायला वळते, आणि त्याच वेळी शेतावर पोहोचलेल्या माणसाला ती रिकामी दिसते. समोर पाण्याची विहीर असताना टाकी तिथूनच का भरून घेत नाहीत, असेही विचारले जाते. जमिनीवर उभ्या असलेल्या पंपाला व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढता येत नाही, आणि आपल्या बहुतेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात त्याच्याही खाली असते. शेततळे जवळ असेल तर काम होते. नाही तर शेतकऱ्याने आपली पाण्यातली मोटर सुरू करून टाकी भरून द्यावी, हा उपाय आहे, आणि त्यासाठी वीज चालू असावी लागते. पांदण रस्त्यावर बैलगाड्या आणि दुचाकी लावून गर्दी केली तर भरलेली गाडीसुद्धा सुडीपर्यंत पोहोचत नाही.

गाडी उशिरा येते, हे मात्र खरे आहे. ग्रामीण भागात 20 मिनिटांत मदत पोहोचावी अशी शिफारस केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने केलेली आहे, आणि तालुक्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावात ती पाळली जाणे शक्यच नाही. त्याबद्दल सरकारला जाब विचारला पाहिजे. पण गाडीला वेळ लागणार असेल, तर फोन आधी करावा लागतो.

तारांच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. पाण्यातून वीज वाहते, म्हणून महावितरणच्या लाइनमनने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत जवान पाणी मारत नाहीत. थांबणे हे त्यांचे कामच आहे. बिलाच्या बाबतीत, काही पालिका हद्दीबाहेर गाडी पाठवल्यास शुल्क आकारतात, हे खरे आहे. ते किती असते आणि कोणी भरायचे, हे सरपंचांनी नगरपरिषदेत जाऊन आजच विचारून घ्यावे आणि ग्रामसभेत सांगावे.

संदेशात शेवटी आणखी एक वाक्य आहे, की जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याला, किंवा मंगल कार्यालयाला आग लागली तर दोष अग्निशमन दलाचा, कारण त्यांनीच परवानगी दिलेली असते. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये त्यालाच सादर करावे लागते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत 10 नवजात बालके गेली, तेव्हा विदर्भातल्या प्रत्येक घराने ती बातमी वाचली होती. यंत्रणा आधीच चालू असण्याला पर्याय नाही, हे त्यानंतर तरी आपल्याला नव्याने सांगावे लागू नये. कापसाच्या गाठींशेजारी मजूर झोपतात त्या जिनिंगच्या मालकाला ही दोन प्रमाणपत्रे दाखवायला सांगण्यात ग्रामपंचायतीने संकोच करू नये.

मोबाइलवरून 101 लावल्यावर फोन कधी कधी आपल्या तालुक्याऐवजी दुसरीकडेच लागतो, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांक मिळवून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि गाळ काढणाऱ्या प्रत्येक टोळीच्या मुकादमाच्या फोनमध्ये असावा. मोठेबाबांना मी तो क्रमांक पाठवला आहे, आणि विहिरीतले इंजिन वर काढल्याशिवाय व दोर बांधल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नये, असे कळवले आहे.