पहिल्या वर्गातले निंदक

आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात संग्रहालय आहे. तलवारी, अडकित्ते, पानाचे डबे, एक पालखी आणि कुठल्या काळातली यावर अजून एकमत न झालेली तोफ. त्याच्या विश्वस्त मंडळावर मी निवृत्तीनंतर गेलो. बँकेत होतो म्हणजे मला कॉम्प्युटर कळणारच, असा मंडळाचा समज. त्यामुळे अनुदानाच्या अर्जात 'प्रेक्षकांचा अभिप्राय इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेता का?' असा रकाना निघाला, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

तोवर अभिप्राय म्हणजे दाराशी ठेवलेली वही. पेन सुतळीने बांधलेलं, आणि सुतळी इतकी आखूड की डावखुऱ्याने अभिप्राय देऊच नये. सहल आली की बाई पहिल्या मुलाला मजकूर सांगणार आणि बाकीचे तो उतरवणार. 'आमच्या ज्ञानात भर पडली' हे पान उलटेपर्यंत 'ज्ञानात भार पडला' झालेलं असतं. मोठी माणसं लिहितात, 'अप्रतिम ठेवा! पंखा बंद आहे.' पहिलं वाक्य रीत म्हणून, दुसरं मनापासून.

सगळ्यात स्वस्त मार्ग क्यूआर कोडचा. गुगल फॉर्म फुकट, खर्च काय तो छपाईचा. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने 1994 साली हा चौकोन मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. आपल्याकडे मात्र तो दिसला की हात खिशाकडे जातो. तोफेशेजारी चिकटवला, तर पहिल्याच काकांनी मोबाइल काढून विचारलं, "किती टाकायचे?" आमचे शिपाईमामा प्रामाणिक. म्हणाले, "तुमची इच्छा." काकांनी स्कॅन केलं, 'आपला वयोगट निवडा' वाचलं आणि मोबाइल खिशात घालून पालखीकडे चालू लागले. शिवाय वाड्याच्या भिंती अशा जाड की रेंज फक्त अंगणात तुळशीपाशी. तिथे उभं राहून पालखीबद्दल मत नोंदवायला कोण जाणार?

मग हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं यंत्र. विमानतळाच्या स्वच्छतागृहाबाहेर असतं ते. फिनलंडमधल्या हॅपी-ऑर-नॉट कंपनीने ते जगभर नेलं. त्याला बटणं चार: दोन हिरवी, दोन लाल, मधला चेहराच नाही. आमच्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, हे अजिबात पटेना. "ज्याला काहीच वाटलं नाही, त्यानं काय दाबायचं?" मुद्दा बिनतोड होता. रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये मतं मोजायची पाच पायऱ्यांची पट्टी मांडली, तिच्यात मधली पायरी आहे. आणि आमच्या मंडळाचे बहुतेक ठराव त्याच पायरीवर उभे असतात. तरी तशाच एका यंत्राचा नमुना शनिवारी दाराशी ठेवला. त्या दिवशी पाचवीची सहल होती. एकाने पाठोपाठ दाबलेलं यंत्र मोजत नाही म्हणे, म्हणून पोरांनी शिस्तीत रांग लावली आणि एकेकाने येऊन सगळ्यात लाल, सगळ्यात रागीट तोंड दाबलं. सोमवारी अहवाल आला: साडेबाराच्या सुमारास तीव्र असंतोष. का, ते यंत्राला विचारून उपयोग नसतो. त्याला तोंडं आहेत, बोलता येत नाही.

शेवटी एका कंपनीचा तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे एकच प्रश्न: हे संग्रहालय तुम्ही मित्राला कितपत सुचवाल, शून्य ते दहा? फ्रेड राइकहेल्ड या अमेरिकन सल्लागाराने 2003 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडलेली ही पद्धत आता बँकेपासून हॉटेलपर्यंत सगळीकडे आहे. नऊ-दहा देणारे प्रचारक, सात-आठ देणारे उदासीन, शून्य ते सहावाले निंदक. प्रचारकांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा करायचे, की झाला तुमचा आकडा.

"सहा दिले तर निंदक?" खजिनदारांनी चष्मा काढला. ते हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. "अहो, साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग! पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य, आणि तुम्ही त्याला उदासीन म्हणता?"

"सर, जागतिक पद्धत आहे."

"असेल. उभ्या हयातीत मी निबंधाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत."

मी वहीच्या मागे हिशेब मांडला. शंभरच्या शंभर लोकांनी आठ दिले, तर संग्रहालयाच्या हातात भोपळा. सगळ्यांनी सहा दिले, तर उणे शंभर. याहून खाली आकडाच जात नाही. आणि आमच्या भागात 'वाईट नाही' ही स्तुतीची कमाल मर्यादा. तिच्यापुढे कोणी गेलाच, तर समजावं की त्याचं आपल्याकडे काहीतरी काम आहे. म्हणजे खूश होऊन घरी गेलेलं आमचं अख्खं गाव कागदावर निंदक ठरणार, आणि तो कागद अनुदानाच्या अर्जाला जोडून आम्हीच पाठवणार.

मुलाला चहा पाजून वाटेला लावलं. ठरलं ते असं: एक साधा टॅबलेट, त्यात कोबो टूलबॉक्स. पूर-भूकंपात मदतीला जाणारे लोक हे वापरतात. नेट नसलं तरी उत्तरं साठवून ठेवतं आणि रेंज मिळाली की पाठवतं. शिपाईमामा संध्याकाळी टॅबलेट तुळशीपाशी नेतात. प्रश्न तीनच, त्यातला तिसरा 'आणखी काही?' पहिल्या दोन प्रश्नांना सगळे 'उत्तम' लावतात. तिसऱ्यात पंखा आहे, पिण्याचं पाणी आहे, आणि एकाने तोफेच्या पाटीवरचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आहे.

तो मुलगा गेला त्याच रात्री त्याच्या कंपनीचा मेसेज आला होता: 'आमच्या प्रतिनिधीच्या सेवेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल?' मी अण्णांना फोन लावला.

"चांगला पोरगा," अण्णा म्हणाले. "किती शांतपणे समजावून सांगितलं. वर तो चहासुद्धा प्याला. सात द्या."

खजिनदार तिथेच बसले होते. त्यांचा आवाज मागून आला, "पहिल्याच खेपेला सात? सहा द्या. जरा सुधारायला वाव राहू दे."