तळ्याच्या वतीने

तळ्याकाठी पाहुण्यांच्या राहण्याची सोय बघणाऱ्या माणसाकडे लोक फक्त चहा, टॉवेल आणि गरम पाणी मागतात, असा कुणाचा समज असेल तर तो आधी काढून टाका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी तळ्याविरुद्ध असतात. तळं काही बोलत नाही, त्यामुळे त्याचं वकीलपत्र आपसूक माझ्या गळ्यात पडलं आहे. फी नाही.

पावसाळ्यात आरोपी बेडूक. पहिला दमदार पाऊस झाला की रात्री काठावर जो काही गदारोळ सुरू होतो, त्यापुढे लग्नाचा बँड परवडला. "अहो, शांततेसाठी आलो होतो आम्ही!" मी समजावतो, हे सगळे नर आहेत, माद्यांना बोलावताहेत, तोंड मिटूनच ओरडतात, फुप्फुसांतली हवा गळ्याच्या पिशवीत आणि तिथून परत, अशी खेळवत राहतात. पाहुणे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ठीक आहे, पण किती वाजेपर्यंत?"

एक गृहस्थ तर बॅटरी घेऊन स्वतःच काठावर गेले. पावलांची चाहूल लागताच बेडूक चिडीचूप. साहेब विजयी मुद्रेने परत आले, चिखलाचे पाय धुतले, पांघरूण ओढलं आणि बेडकांनी वाक्य जिथे तोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. साहेब पुन्हा काठावर. हे पहाटेपर्यंत चाललं. बाईंना मात्र छान झोप लागली होती. "किती शांत आहे हो इथे," म्हणाल्या.

पाऊस ओसरला की चिलटांची पाळी. यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात. काही तर लालभडक असतात, कारण त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि त्याच्या जोरावर त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. मग एखाद्या संध्याकाळी हजारोंनी पंख फुटून बाहेर पडतात आणि थेट व्हरांड्यातल्या दिव्यावर येतात. ही जात चावत नाही आणि जेमतेम काही दिवस जगते. हे मी सांगतो तेव्हा समोरच्याच्या चहात त्यातली सातआठ जणं ते थोडके दिवसही संपवून बसलेली असतात. दिवे मालवा, हा माझा एकमेव सल्ला. तो मानला की पुढची तक्रार अंधाराची.

हिवाळा त्या मानाने सुसह्य, कारण पाहुणे दुपारपर्यंत पांघरुणातच असतात.

खरी कसोटी उन्हाळ्यात. पाणी मागे हटतं, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यातून सडक्या अंड्यांचा वास येतो. "फोटोत तळं पायरीपर्यंत होतं!" होतं. तो फोटो पावसाळ्यातला. त्याच चिखलात चोची खुपसणारे पक्षी बघायला दुर्बिणवाले मात्र खूश होऊन येतात आणि वासाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ती जमातच वेगळी. बाकीच्यांना पक्ष्यांची भलतीच काळजी. पाणकावळा पंख सुकवत बसला की कुणीतरी धावत येतं, "तो बघा, बिचारा अडकलाय का कुठे?"

मागच्या उन्हाळ्यात टिटवीने गाड्या लावायच्या जागेत, खडीवरच 4 अंडी घातली. रंग हुबेहूब खडीचा. मी भोवती विटा रचल्या आणि अर्धी जागा जवळजवळ महिनाभर तिच्या नावे करून टाकली. भर दुपारी ती पाण्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर ओलं पोट टेकवून बसायची. गाडीचं दार उघडलं की किंचाळत डोक्यावरून सूर मारायची. एका मोठ्या गाडीच्या मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिला दुसरीकडे हलवता येणार नाही का?"

"ती आधी आली आहे, साहेब."

"बुकिंग आहे का तिचं?"

पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेचच आईमागून तुरुतुरु निघाली. जागा मोकळी झाली म्हणून मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, आता नको, मुलांना टिटवीच बघायची होती. पुढच्या वर्षी ती आली की तिच्या बाजूची खोली आमच्या नावाने धरून ठेवा.