'दलाल' म्हणवून घेतल्यावर थोडंसं

कोलेस्टेरॉलवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'औषध कंपन्यांचे दलाल', 'भीतीचे व्यापारी' आणि 'अर्धवट ज्ञान' एवढं सगळं तुम्ही एका परिच्छेदात बसवलंत. कौतुक आहे. प्रश्न नीट विचारला असतात तर उत्तरही नीट मिळालं असतं. आता जसं येईल तसं घ्या.

तुमचं मुख्य वाक्य असं: "ज्याला कसलाही त्रास नाही, त्याला कागदावरच्या आकड्यासाठी जन्मभर गोळी घ्यायला लावणं हा निव्वळ धंदा आहे." धंद्याचं राहू द्या. खरं तर राहू द्यायला नको, कारण मला कुठल्या कंपनीकडून आजवर साधं पेनही मिळालेलं नाही. पण त्रास नाही म्हणजे धोका नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून काही दुखत नाही. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण वर्षानुवर्षं धमनीच्या अस्तरात शिरून साचतात, तिथे दाह होतो, थर जाड होत जातो. धमनी बरीच अरुंद होईपर्यंत किंवा तो थर फाटून गुठळी होईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. कित्येकांच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजे थेट हृदयविकाराचा झटका.

माझे वडील तुमच्यासारखंच बोलायचे. सडसडीत, निर्व्यसनी, जिने भराभर चढणारे. पन्नाशीसुद्धा गाठली नाही त्यांनी. त्यानंतर आम्हा भावंडांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा माझं एलडीएल २०० च्या वर निघालं. मीही सडसडीतच होतो आणि मलाही कसलाच त्रास नव्हता. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष आईवडिलांकडून येतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. अशा माणसाला पथ्यानं फायदा होतो, पण पुरत नाही. "जीभ आवरली असती तर गोळी लागली नसती" हे तुम्ही मला उद्देशून लिहिलंत ना? माझ्या जिभेची चौकशी तरी करायची आधी.

बरं, माझं घर सोडा. स्कॉटलंडमध्ये ६,५९५ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ साली आले. सगळ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, पण आधी झटका कुणालाच आलेला नव्हता. म्हणजे 'त्रास नसलेली' माणसं, अगदी तुम्हाला हवी तशी. पाचेक वर्षांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे आठ जणांना झटका आला किंवा हृदयविकारानं मृत्यू आला. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी हीच ती गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेपाच होतं. "फक्त अडीचच?" असं तुम्ही म्हणालच. त्या अडीचांतल्या एकाच्या मुलाला विचारा. आणि सरसकट सगळ्यांना गोळी द्या, असं मी कुठे लिहिलंय? वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, घरातला इतिहास हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात, ही ओळ लेखात ढळढळीत आहे.

एक मान्य. स्नायूदुखीला लेखात एकच ओळ मिळाली, आणखी हवी होती. काहींना ती खरंच होते आणि मग डोस किंवा औषध बदलता येतं. पण त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या लोकांवर २०२० साली एक लहान प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही वाचा. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं होतं. स्टॅटिनवर जाणवलेला सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीवरही जाणवला.

बाकीच्या मुद्द्यांवर शाई घालवत नाही. तुमच्या अंड्यांच्या मुद्द्याचं उत्तर लेखात आहे, पुन्हा वाचा. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, भरपूर आहे म्हणून एलडीएल माफ होत नाही. एचडीएल खूप वाढवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध मृत्यू वाढले म्हणून २००६ साली चाचणीतच थांबवावं लागलं होतं.

आणि ते शेवटचं, ज्याचा तुम्हाला एवढा अभिमान आहे: "माझं एलडीएल ९२ आलं, गोळी बंद केली, मी ठणठणीत." अहो, ९२ आलं ते गोळी चालू असताना! यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार करणारं यंत्र स्टॅटिन मंदावतं, म्हणून यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत सगळं पूर्वपदावर येतं. तुम्ही रिपोर्ट काढलात आधीचा आणि निष्कर्ष काढलात नंतरचा. आता बंद करून दोन महिने झाले म्हणताय, तर पुन्हा तपासा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको. आकडा इथे टाकायचा असेल तर टाका, कमी आला तरी टाका. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, तीही काढणार नाही.