मार्केट रिसर्च म्हणे! सरळ सांगा ना, फुकटचे सेल्समन हवेत

सर्टिफिकेटवर 'मार्केट रिसर्च इंटर्न' असं छापून देणाऱ्यांनी त्यात रिसर्च कुठं होता तेवढं दाखवावं. भर मे महिन्यात सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत दारोदार फिरलोय, मला तरी कुठं दिसला नाही.

बीबीएला आहे. ओजेटीचे, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करून शिकायचे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास भरायचे. कॉलेजला फक्त शिक्क्याचं पत्र पाहिजे, तिथं पोरं काय करतात याची चौकशी शून्य. सांगलीत अशी कामं मिळतात किती? म्हणून पाणी शुद्ध करायची मशीन विकणाऱ्या एका एजन्सीत गेलो. स्टायपेंड नाही, पेट्रोल आपलं, गाडी आपली. वर साहेब म्हणतात, "एक्सपोजर मिळतंय की!" उन्हाचं एक्सपोजर भरपूर मिळालं, ते खरं.

वर्गात घोकून घेतलं होतं की सर्व्हेत ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली तर साधारण ३८५ माणसं विचारावी लागतात, तीही रँडम निवडलेली. प्रश्न असा हवा की उत्तर आपण लोकांच्या तोंडात घालायचं नाही. आणि एजन्सीनं दारोदार भरून घ्यायला दिलेल्या सर्व्हे फॉर्ममधला पहिलाच प्रश्न बघा: 'तुमच्या घरी येणारं पाणी पूर्ण शुद्ध आहे याची तुम्हाला खात्री आहे का?' पर्याय दोन. 'नाही' आणि 'सांगता येत नाही'. 'हो' हा पर्यायच नाही! मी विचारलं तर साहेब म्हणाले, "हो म्हणणाऱ्यांचा आपल्याला काय उपयोग?" फॉर्ममध्ये सक्तीचा रकाना एकच, मोबाईल नंबर. बाकी कोरं राहिलं तरी चालेल.

त्यात ते डेमोचं नाटक. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हीत सळया बुडवायच्या, करंट सोडायचा. नळाच्या पाण्यात बघता बघता तांबूस चिखल वर येतो आणि घरातली सगळी "अगंबाई" करून मागं सरकतात. अरे, तो चिखल त्या लोखंडी सळईचाच आहे! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. आरओच्या, म्हणजे त्या मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, वीज वाहत नाही, म्हणून तो ग्लास नितळ. बारावी सायन्सच्या कुठल्याही पोराला कळेल. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचंही तेच. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मान्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, पण मीटरवर २०० दिसलं तरी आम्ही तोंड पाडायचं, असं ट्रेनिंग!

आणि हे कुठं चाललंय, तर सांगलीत. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात दिवसेंदिवस पाणी होतं, त्या लोकांपुढं. गावभागात एका काकूंनी बसवून ताक दिलं, पूर ओसरल्यावर टाकी कशी घासून काढली ते सगळं सांगितलं. कॉलेजचं पोरगं सर्व्हेला आलंय म्हणून नंबर दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना फोन सुरू. सकाळी, दुपारी, जेवणाच्या वेळी. ऑफर संपतीय, हप्त्यात देतो, माणूस पाठवू का. मग काकूंचा फोन मला. "बाळा, तू तर म्हणालास कॉलेजचा सर्व्हे आहे." काय सांगणार? त्याच काकू शिवाजी मंडईत आईला भेटतात. एजन्सीचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, 'अमक्याचा पोरगा' मात्र राहतो.

हा प्रकार या धंद्यातही हरामच समजतात. सर्व्हेच्या नावाखाली माल विकायचा नाही, असं एसोमार या मार्केट रिसर्चवाल्यांच्या जागतिक संघटनेची आचारसंहिताच सांगते. आपल्याकडं २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, हे त्याचं साधं सूत्र. साहेबांना म्हटलं, काकूंचा नंबर तेवढा काढा. "एक्सेल पुण्याला गेली, आता आपल्या हातात नाही." बरं, मग होतं कुणाच्या हातात?

रिपोर्टची तर गंमतच. आधीच्या बॅचची फाईल पाठवली, पाय चार्टसकट. "नाव आणि तारीख बदल." मग मी गोळा केलेल्या फॉर्मचं काय झालं? ते कुणी उघडलेसुद्धा नाहीत. नंबर काढून घेतले की झालं.

आणि काल साहेबांचा मेसेज: पुढच्या बॅचसाठी ज्युनियर पोरं असतील तर पाठव, पाच पोरांमागं एक टी-शर्ट. पेट्रोलचे पैसे मागितले तेव्हा बजेट नव्हतं, टी-शर्टला बरं आहे!