पहिलं महायुद्ध म्हणजे तीन भावांचं भांडण? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक फोटो फिरतो. जुळे वाटावेत असे दोन दाढीवाले राजे आणि खाली मजकूर: ‘इंग्लंडचा जॉर्ज, जर्मनीचा विल्हेल्म आणि रशियाचा निकोलस, तिघेही व्हिक्टोरिया राणीचे नातू. जुळ्या दिसणाऱ्या दोघांनी एकमेकांचे कपडे घातलेत बघा. यांच्या घरच्या भांडणात जग होरपळलं. आजी असती तर युद्ध झालंच नसतं. जॉर्जने झारला वाचवायची धडपड केली, पंतप्रधानाने मोडता घातला.’

नातू दोघेच. जॉर्ज मुलाचा मुलगा, विल्हेल्म थोरल्या मुलीचा. निकोलस हा राणीचा नातजावई, तिच्या अ‍ॅलिस या मुलीच्या मुलीचा नवरा. तो जॉर्जसारखा दिसतो ते डेन्मार्कमुळे. दोघांच्या आया, अलेक्झांड्रा आणि दागमार, डॅनिश राजाच्या मुली. म्हणजे हे मावसभाऊ.

जॉर्ज आणि निकोलसचा हा फोटो मे 1913चा, बर्लिनचा. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्मच्या, मुलीचं लग्न होतं. कपड्यांची अदलाबदल वगैरे काही नाही, दोघांच्याही अंगावर जर्मन गणवेश आहेत. राजेलोक एकमेकांच्या पलटणींचे मानद प्रमुख असत आणि पाहुणे म्हणून गेले की यजमानाच्या सैन्याचा पोशाख चढवत. पुढे युद्ध पेटल्यावर 1915मध्ये विंडसरच्या चॅपलमध्ये ‘गार्टर’ या ब्रिटिश मानाच्या किताबामुळे लागलेलं कैसरचं निशाण उतरवलं गेलं.

आता ‘घरचं भांडण’. ठिणगी पडली ती ऑस्ट्रिया आणि सर्बियात. फ्रान्समध्ये तर राजाच नव्हता. तुर्कस्तानचा सुलतान यांच्यापैकी कुणाचाच सोयरा नव्हता, आणि पुणे डिव्हिजनमधले मराठा पलटणींचे जवान इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी पडले ते त्याच्याच फौजेपुढे.

उलट नात्याचा उपयोग करून बघितला गेला आणि तो तोकडा पडला. 29 जुलै 1914च्या रात्री विल्हेल्मची तार वाचून निकोलसने संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम मागे घेतला. या तारा इंग्रजीत असत, खाली ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्या. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याचं मन वळवलं आणि हुकूम पुन्हा सुटला. 1 ऑगस्टला विल्हेल्मची पाळी. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील, अशी आशेची बातमी लंडनहून आली म्हणून त्याला फौज फ्रान्सऐवजी फक्त रशियाकडे वळवायची होती. सेनाप्रमुख मोल्टकेने सांगितलं, जमणार नाही. ठरलेल्या आराखड्यापुढे आणि सेनापतींपुढे दोघा सम्राटांचं फारसं चाललं नाही.

आजीचं म्हणाल तर ती जिवंत असतानाच घरात दोनदा आग लागली. 1864मध्ये प्रशिया, म्हणजे विल्हेल्मच्या घराण्याचं जर्मन राज्य, डेन्मार्कवर चालून गेला, म्हणजे मुलीचं सासर सुनेच्या माहेरावर. 1866मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या युद्धात तर दोन जावई समोरासमोरच्या फळ्यांत होते. त्याच युद्धानंतर प्रशियाने हॅनोवर गिळलं. तिथला पदच्युत राजा राणीचा सख्खा चुलतभाऊ होता. राणीला यातलं काहीही थांबवता आलं नाही.

सगळ्यात उलटा दावा शेवटचा. मार्च 1917मध्ये झारने, म्हणजे निकोलसने, गादी सोडल्यावर त्याला आसरा देऊ केला तो पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या सरकारने. एप्रिलमध्ये राजा जॉर्जचे खासगी सचिव स्टॅमफर्डहॅम परराष्ट्र खात्याला पत्रामागून पत्र धाडू लागले: हे कुटुंब इथे नको, लोक बिथरतील. देकार बारगळला. भीती अगदीच पोकळ नव्हती. ब्रिटिश राजघराण्याच्या जर्मन नावावरून कुजबुज चालूच होती आणि त्याच जुलैत ते नाव टाकून ‘विंडसर’ घेतलं गेलं. पण खापर बराच काळ पंतप्रधानावर फुटत राहिलं. जुलै 1918मध्ये येकातेरिनबुर्गला झार, त्याची बायको आणि पाचही मुलं गोळ्यांना बळी पडली.

एप्रिल 1919मध्ये ‘मार्लबरो’ ही ब्रिटिश युद्धनौका क्रिमियाला गेली आणि निकोलसच्या आईला, म्हणजे जॉर्जच्या मावशीला, घेऊन आली. मावशीने तरी आधी निघायला नकारच दिला होता.